विरहाला वयाची अट

५ नोव्हेंबर

पंडितीण, तुला मामाचा आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, राग धरू नकोस. तुझं पत्र आलं तेव्हा इथे पंखे चालू होते, आता दोन पांघरुणं लागतात. रोज लिहायला बसायचो आणि वाटायचं, काहीतरी चांगली बातमी होऊ दे, मग लिहू. चांगली बातमी काही झाली नाही. मग म्हटलं, वाईट तरी पुरती होऊ दे. तीही अर्धवट लोंबकळते आहे. शिवाय मध्ये एक पत्र लिहून पेटीत टाकलं होतं, पण ते आत पडल्याचा आवाज आला नाही. पेटीच्या तोंडातच अडकलं असेल, कोणी ओढून नेलं असेल, असं मनात येत राहिलं. ते मिळालं असेल तर हे वाचू नकोस. नाही, हेही वाच, कारण त्यात बरंचसं खोटं होतं. ‘आम्ही दोघं मजेत’ वगैरे.

आम्ही दोघं मजेत नाही. मुळात दोघं एका ठिकाणीच नाही.

बाइंडिंगचं दुकान बंद करून मी आणि तुझी मामी या वृद्धाश्रमात आलो, तेव्हा आम्हाला तळमजल्यावरची जोडप्यांची खोली मिळाली होती, हे तुला माहीत आहे. त्या खोलीच्या भिंतीतला पाण्याचा पाइप फुटला आणि भिंत भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी फुगली. व्यवस्थापक बाई म्हणाल्या, तात्पुरतं हलावं लागेल. काका पुरुषांच्या इमारतीत, काकू अंगणापलीकडे बायकांच्या इमारतीत. हललो. भिंत दुरुस्त झाली, वाळली, रंगही दिला. मी खिडकीच्या गजातून हात घालून तळहात लावून बघितला, कोरडी ठणठणीत आहे. पण दाराला कुलूप. विचारलं की ‘बघू या काका’, ‘जरा थांबा काका’. रंग वाळायची वाट बघतायत की मी वाळायची?

भेटायची वेळ चार ते पाच, अंगणातल्या बाकावर. मामी येते, माझा गुडघा विचारते, शर्टाची बटणं बघते आणि पाच वाजायच्या आत ‘बायका थांबल्यात’ म्हणून उठते. मी ओळखलं, तिच्यावर दबाव आहे. संसारात इतकी भांडणं झाली, पण माझ्याशी बोलताना ती कधी घड्याळाकडे बघत नव्हती.

शेवटी मी खोली परत मिळावी म्हणून अर्ज केला. बाई म्हणाल्या, कारण लिहा. मी लिहिलं, ‘कारण : विरह.’

त्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत, पण हसल्या. म्हणाल्या, “काका, विरह तरुण पोरांना होतो. तुम्ही गैरसोय लिहा ना.”

मी म्हणालो, “गैरसोय नळाला पाणी नसलं की होते.”

“मग औषधं वेळेवर घेतली जात नाहीत, असं लिहा.”

“मी वेळेवर घेतो.”

माझ्या खोलीत तारमास्तर असतो. जन्मभर तारघरात टकटक केलेला माणूस, शब्द मोजायची खोड जात नाही. तो म्हणाला, “बाइंडर, एका शब्दात काम होतंय तर दुसरा घालू नकोस. पण तुझ्या तोंडी तो शब्द म्हणजे बोकडाच्या गळ्यात हार.”

आता तू कॉलेजात मराठी शिकवतेस, म्हणून तुला विचारतो. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं शिक्षण फर्म्यांवर. सोळा पानांचा एक फर्मा, घडी घालताना दिसेल तेवढं वाचायचं, पुढचा मजकूर दुसऱ्या ढिगात. त्यामुळे मला कुठलीच गोष्ट पुरती माहीत नाही. पण कवितेचं पुस्तक कुठूनही उघडलं तरी विरह असायचाच, त्याला मागचं-पुढचं लागायचं नाही. तर तू शब्दकोशात बघ, विरहाला वयाची अट आहे का? असली तर कितीपर्यंत? नसली तर तसं कॉलेजच्या कागदावर लिहून शिक्का मारून पाठव.

पाकीट जाड घे. इथला पोस्टमन वाकवून टाकतो.

तुझा मामा

•

१४ नोव्हेंबर

मामा, नमस्कार.

तुमची दोन्ही पत्रं पोचली. मजेत असल्याचंही आणि नसल्याचंही.

शब्दकोश घरातला पाहिला आणि कॉलेजातला पाहिला. वयाची अट कुठेच नाही. प्रिय माणसापासून दूर असणं आणि त्याचं दुःख, एवढंच दिलंय. शिक्का मात्र मिळणार नाही. तो प्राचार्यांच्या कपाटात असतो, आणि त्यांनी कशासाठी म्हणून विचारलं तर मला ‘विरह’ सांगावं लागेल.

पण तुमच्या व्यवस्थापक बाई अगदीच चूक नाहीत. पुस्तकांत हा शब्द म्हाताऱ्यांच्या वाट्याला येत नाही. विरहिणी नेहमी तरुण. नवरा दूरदेशी गेलाय, तिला चांदणं पोळतं, चंदन सोसवत नाही, वाळून वाळून हातातल्या बांगड्या गळून पडतात. त्या कवितेत म्हातारी असलीच तर सासू म्हणून, दाराशी खोकत पहारा करणारी. पुरुष कवीसुद्धा विरह गायला बसले की बाईचा आवाज घेतात. गुडघे दुखणारा बाइंडर विरहात बसलाय, अशी कविता मी तरी वाचलेली नाही. म्हणजे तुम्ही पहिलेच. लिहिलंय ते खोडू नका.

‘वियोग’ही करू नका त्याचं. वियोगात नुसतं तुटणं आहे. माणूस मेला तरी वियोगच म्हणतात. ‘ताटातूट’ म्हटलं की ती कुणी तिसऱ्याने केली असं वाटतं. विरहात मात्र भेट पुन्हा होणार, ही आशा धरलेली असते. आशा गेली की तो शब्दही गेला. म्हणून जुन्या शास्त्रकारांनी विरह शोकात घातलाच नाही, प्रेमाच्या खात्यात घातला. त्याच्या त्यांनी चार तऱ्हा सांगितल्यात. भेटीच्या आधीच लागलेली ओढ ही एक. एक जण प्रवासाला गेलाय ही दुसरी. एक जण मेला असं वाटतं, पण कवी त्याला परत आणणार असतो, ही तिसरी. चौथी मला सगळ्यात आवडते. दोघं एकाच घरात आहेत, मध्ये नदी नाही, डोंगर नाही, पण एक जण रुसून दार लावून बसलंय. हा रुसवाही विरहच.

माझं विचाराल तर मी हा शब्द वर्गात दर वर्षी शिकवते आणि घरी वापरत नाही. तुमचे जावई नोकरीसाठी आठवडाभर दुसऱ्या गावी असतात. सोमवारी ते गेले की घर मोठं होतं, मी पाय वर घेऊन वाचत जेवते. शनिवारी आले की बरंही वाटतं. याला काय म्हणायचं, ते शास्त्रकारांनी लिहून ठेवलेलं नाही.

एक विचारू? मामी काय म्हणते? अर्जावर तिची सही आहे का?

तुमची,
पंडितीण

•

२२ नोव्हेंबर

पंडितीण, आशीर्वाद.

तुझं पत्र मी तारमास्तरला मोठ्याने वाचून दाखवलं. तो म्हणाला, “चार प्रकार? तारेत एकच होता. ‘स्टार्ट इमिजिएटली’.”

तुझा प्रश्न मात्र आवडला नाही. मामीला काय विचारायचं? उजव्या हाताने डाव्याला विचारायचं का, तुला माझ्याबरोबर राहायचंय का? दुकानात एक टेबल होतं. पलीकडून ती घड्या घालून फर्मे शिवायची, अलीकडून मी पुठ्ठे चढवायचो. लग्न झाल्यापासून आम्ही वेगळे राहिलोच नाही. ती माहेरी गेली तर मागच्या बसने मी हजर. सासूबाई म्हणायच्या, “जावईबापू, निदान तिला पिशवी तरी खाली ठेवू द्या.” बाळंतपणात नर्सने मला बाहेर काढलं तर मी दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिलो. मला काळजी वाटते, हा माझा स्वभाव आहे. ती रस्ता ओलांडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. तिला तिकडे चक्कर आली तर मला कोण सांगणार? अंगणापलीकडून आवाज तरी येतो का?

आमचा विरह तुझ्या दुसऱ्या तऱ्हेचा, प्रवासाचा. प्रवास अंगणाएवढाच आहे, पण मध्ये फाटक आहे.

त्या फाटकाचंच सांगायचंय. मी आता माझी खुर्ची उचलून तिथे नेली. बायकांच्या इमारतीच्या फाटकात, बरोबर मध्यात. न्याहारी झाली की बसतो, दिवे लागले की उठतो. पहिल्या दिवशी व्यवस्थापक बाई आल्या.

“काका, इथे बसता येणार नाही.”

“बसलोय की.”

“येण्याजाण्याच्या वाटेत आहात.”

“वाट मोठी आहे. मी बारीक झालोय.”

“काका, मला कठोर व्हायला लावू नका हो.”

“व्हा. सात भावांच्यात वाढलोय, मला बोलणी लागत नाहीत.”

गेल्या त्या. त्यांच्याकडे उत्तर नाही, कारण त्यांच्याकडे कारण नाही. ज्याच्याकडे कारण असतं तो ‘बघू’ म्हणत नाही. आता मला बघून दुसऱ्या मजल्यावरचे दोघं-तिघं येऊन उभे राहतात. त्यांच्या बायका केव्हाच गेल्या, पण म्हणतात, “तुझ्यासाठी येतो.” मामी वरच्या खिडकीतून बघते. मी हात करतो. ती आत जाते. बिचारीची हात करायचीही सोय ठेवलेली नाही.

मी भित्रा आहे हे सगळ्या खानदानाला माहीत आहे. पाल बघून टेबलावर चढलेला माणूस मी. पण या बाबतीत मी हटणार नाही. संस्थेचे अध्यक्ष पुढच्या महिन्यात येणार आहेत. त्यांना द्यायला मला एक जोरदार अर्ज लिहून दे. चांदणं घाल, चंदन घाल, लागेल ते घाल. बांगड्या नको, इथले लोक आधीच हसतात.

तुझा मामा

•

२५ नोव्हेंबर

बाळ, मामीचे आशीर्वाद.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे, म्हणजे काम आहे हे ओळखलं असशील. ह्यांनी तुला काय काय लिहिलं असेल ते मी न वाचता सांगते. मला कोंडून ठेवलंय, माझ्यावर दबाव आहे, मी खिडकीत झुरते आहे. होय ना?

बाळ, मला कोणी कोंडलेलं नाही. भिंत वाळली त्या दिवशी बाई चावी घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. मीच म्हणाले, “अजून थोडे दिवस असू द्या, आणि माझं नाव सांगू नका.” त्या बिचाऱ्या माझ्यापायी ह्यांची बोलणी खातात.

तू विचारशील, का. मारझोड नाही, व्यसन नाही, दुसरी बाई नाही. उलट ह्यांना माझ्यावाचून करमत नाही, हीच तर गोष्ट आहे. फर्मे शिवताना मीही वाचायची, माझ्या बोटांना बघावं लागत नव्हतं. प्रत्येक पुस्तकात कोणीतरी कोणाची तरी वाट बघत असायचं. हजारो पानं शिवली मी त्या वाट बघण्याची. मला कधी वाट बघायला मिळालीच नाही. ह्यांचा खोकला जिन्यात यायच्या आधी हे स्वतःच घरात असायचे! आईकडे गेले तर मागच्या बसने दारात, पोटात दुखतंय म्हणून. माझ्या आईच्या हातचं दोन वेळा सुखाने जेवले नाही. आता आई नाही.

मी कोणाला दोष देत नाही. पण या माणसाची मला ओढ आहे की नुसती सवय, ते मला कळायला नको का? मरायच्या आधी? त्याला थोडं अंतर लागतं. नाकाला चिकटलेलं पुस्तक वाचता येतं का?

इथे मला बरं वाटतं. खिडकीशी बसते. ‘का बसलीस, बरं नाही का, डॉक्टरला बोलवू का’ असं कोणी विचारत नाही. शेजारच्या पलंगावर एक नर्सबाई आहे, ती जन्मभर एकटी राहिली. ती म्हणते, “तुला नवऱ्याची आठवण येते का गं?” मी म्हणते, येईल, जरा दम धर. आणि बाळ, तुला खरं सांगते, अजून आली नाही. येणार कशी? चारला भेटतातच. तेवढ्यात भागेना म्हणून आता खुर्ची घेऊन फाटकात बसलेत. सकाळी खिडकी उघडली की हे, दुपारी उघडली की हे. हात करतात! असा कुठे विरह असतो?

तू त्यांना तिथून उठव. माझं नाव घेऊ नकोस. मी सांगितलं तर ह्यांना वाटेल, मला हे नकोसे झाले, आणि जेवण सोडून बसतील. तसं नाही हे मला कळतं, पण सांगताना शब्द सापडत नाही. तू शिकलेली आहेस, शोध.

मामी

•

२ डिसेंबर

मामा, नमस्कार.

अर्ज लिहून देणार नाही. रागावू नका. परीक्षेचे पेपर आहेत हे कारण खरं आहे, पण एवढंच नाही.

खुर्ची फाटकातून उचला. मी शब्दाच्या बाजूने बोलते आहे असं समजा. विरह लागायला माणूस नजरेआड व्हावा लागतो. तुम्ही अर्जात विरह लिहिलात आणि दिवसभर तिच्या खिडकीखाली बसलात, तर अध्यक्ष विचारतील, विरह कुठे आहे?

आणि तुमची ती दुसरी तऱ्हा मला पटत नाही. चौथी पुन्हा वाचा. दोघं एकाच अंगणात, आणि एकाने दार लावलंय. कवितेत अशा वेळी बाहेरच्याला एकच काम असतं. दार वाजवायचं नाही. सखीला मध्ये घालायचं नाही. आत काय चाललंय ते आतल्याला ठरवू द्यायचं. जे वाजवत बसतात, त्यांची कविता लांबते, बाकी काही होत नाही. आणि रुसवा प्रत्येक वेळी रागाचाच असतो असंही नाही. कधी कधी आतल्या माणसाला फक्त बघायचं असतं, बाहेरचा थांबू शकतो का.

मी फार बोलले का? समजायचं तेवढं समजा.

पंडितीण

•

९ डिसेंबर

पंडितीण, आशीर्वाद.

समजलो! तुझं पत्र तीनदा वाचलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तुझी मामी रुसली आहे. माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी इतके दिवस नुसता बसलोय, एका शब्दाने भांडलो नाही, ‘सात भावांच्यात वाढलोय’ असले विनोद करतोय. तिला वाटलं असेल, हा माणूस माझ्यासाठी एवढंच करतो? म्हणून ती गेले चार-पाच दिवस चारच्या भेटीलाही आलेली नाही. ‘डोकं दुखतंय’ असा निरोप येतो. दुखणारच. तुला तिच्याबद्दल एवढं कळलं आणि मला नाही, याची लाज वाटली.

तेव्हा आता मी जोर धरला आहे. दुसऱ्या मजल्यावरच्यांच्या सह्या घेतल्या. स्वयंपाकघरातल्या दोन बायकांनीही केल्या, एकीने अंगठा दिला. तारमास्तर म्हणाला, “मी सही करतो, पण सांगून ठेवतो, मला हे प्रकरण उलटं दिसतंय.” मी म्हटलं, तू चष्मा पूस.

रविवारी अध्यक्ष येतात. मी सगळ्यांसमोर बोलणार आहे. रात्री अंथरुणात बोलून बघतो. जीभ अडखळली तर? त्यांनी आश्रमातून काढलं तर? या वयात दोघांनी जायचं कुठे? पण ठरलं म्हणजे ठरलं. दार वाजवायचं नाही, हे तुझ्या कवींचं ठीक आहे. त्यांची दारं कागदाची असतात.

मामा

•

२० डिसेंबर

पंडितीण,

आशीर्वाद लिहावा की नाही यावर बराच वेळ बसलो. लिहितो. पण हे रागाचं पत्र आहे, तसं समजून वाच. तुला माहीत होतं.

रविवारी जेवणघरात सगळे जमले. अध्यक्ष मोठे दिलदार निघाले. मी तोंड उघडलं, ‘विरह’ म्हणालो, आणि कोणी हसायच्या आत त्यांनीच टाळी वाजवली. “वा! या वयात! नवरा-बायकोला वेगळं ठेवणं आपल्या संस्थेला शोभतं का?” बाईंना म्हणाले, “चावी आणा.” चावी आली. त्यांनी ती सगळ्यांदेखत माझ्या हातात ठेवली. मामीला बोलावणं गेलं. मी दाराकडे तोंड करून उभा राहिलो.

मामी आली. धुतलेलं पातळ, केस नीट. माझ्याकडे बघितलं नाही. अध्यक्षांना म्हणाली, “बाईंना बोलू नका. खोली मीच नको म्हटली होती.”



मी म्हणालो, “काय गं, बरी आहेस ना तू?”

ती म्हणाली, “बघा. पहिला प्रश्न हाच.”

“मग दुसरा कुठला विचारू?”

“काही विचारू नका हो थोडे दिवस. मला तुमची आठवण येऊ दे. आठवण यायला आधी तुम्ही मला जाऊ दिलं पाहिजे. एवढ्या वर्षांत दिलंत का कधी?”

कोणीतरी हसलं. मला वाटलं, जमीन दुभंगावी आणि मला घ्यावं. मी तिच्यासाठी खुर्ची टाकून बसलो, सह्या घेतल्या, भांडलो, आणि ही बाई सगळ्यांसमोर सांगते की हिला मी दूर हवा आहे. तारमास्तर माझ्याकडे बघतही नव्हता. तो चांगला माणूस आहे.

मग अध्यक्ष म्हणाले, “आजी, हे काय भलतंच? या वयात नवऱ्याजवळच राहायचं असतं. मी नियमच करून टाकतो, जोडप्यांनी जोडप्याच्याच खोलीत राहायचं. सामान हलवा हिचं.” दोन नोकर उठलेही.

मामीने नुसते हात पदरात घेतले. दुकानात गिऱ्हाईक तिच्या शिलाईला नाव ठेवून माझ्याशी बोलायला लागलं की ती असेच हात पदरात घ्यायची.

पंडितीण, त्यानंतर मी जे बोललो ते मी ठरवलेलं नव्हतं. मी म्हणालो, “थांबा. सामानाला हात लावायचा नाही.”

अध्यक्ष म्हणाले, “अहो, तुमच्याच अर्जावर निर्णय देतोय मी.”

मी म्हणालो, “अर्ज माझा आहे ना? मग मी बदलतो. कारण तेच राहू द्या. मागणी बदला. तिला जिथे आहे तिथे राहू द्या.”

“आजोबा, पोरखेळ आहे का हा? खोलीसाठी दुसरं जोडपं थांबलंय. आज नाही म्हणालात तर खोली त्यांना जाईल. पुन्हा कधी रिकामी होईल, सांगता येणार नाही.”

पुन्हा कधी म्हणजे कधी? आमच्या वयाला ‘पुन्हा’ म्हणजे किती असतं? मी मामीकडे बघितलं. तिने मान हलवली नाही, हो नाही की नाही नाही. ठरवायचं मलाच होतं.

मी चावी टेबलावर ठेवली. म्हणालो, “द्या त्यांना.”

“बायकोला विचारायचं तरी!”

“तिने सांगितलंय. तुम्ही ऐकलं नाहीत, मीही ऐकत नव्हतो. आणि तो नियम करायचा असेल तर आधी मला आश्रमातून काढा. मी फाटकात बसेन. बाहेरच्या.”

मग गोंगाट झाला. दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, हे काय, आम्ही सह्या कशाला केल्या? स्वयंपाकघरातली अंगठावाली बाई म्हणाली, “मी पुन्हा उठवते अंगठा, तिच्या बाजूने.” नर्सबाई की कोण ती, तिने टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि नियम केला नाही. खोली मात्र गेली. आता त्यात एक जोडपं राहतं. दोघं दिवसभर भांडतात, बाहेर ऐकू येतं.

मामी जाताना माझ्यासमोर थांबली. माझ्या शर्टाकडे बघितलं, मग स्वतःच नजर काढून घेतली आणि गेली.

आता मी काय करतो ते ऐक. खुर्ची उचलली. मागच्या बाजूच्या व्हरांड्यात ठेवली, जिथून तिची खिडकी दिसत नाही, कपडे वाळत घालायची तार दिसते. चारच्या भेटीलाही जात नाही. निरोप दिला, बाकावर येऊ नकोस, मी येणार नाही. तारमास्तर म्हणाला, “सूड घेतोस का?” मी म्हणालो, नाही. तिला विरह पाहिजे, तर चांगला मिळेल. अर्धंमुर्धं काम मी दुकानातही कधी दिलं नाही. इथले लोक आता दुसऱ्या तऱ्हेने हसतात, म्हाताऱ्याला बायकोने टाकलं. हसू देत. विरह माझा आहे. मी मागितला नव्हता, पण आता हातात घेतलाय आणि कोणाच्या म्हणण्यावरून गैरसोय करून घेणार नाही त्याची.

धीट आहे असं समजू नकोस. दुपारी अंगणात काही आपटलं की मी उठून उभा राहतो. तिने गोळी घेतली का, पायरीवर पाणी सांडलंय का, कोणी पुसलं का. उठतो, व्हरांड्याच्या टोकापर्यंत जातो आणि परत येऊन बसतो. एवढं येतं मला आता, परत येऊन बसणं. आणखी एक भीती आहे, ती तारमास्तरलाही सांगितली नाही. तिला आठवण आलीच नाही तर? एवढी वर्षं नुसती सवयच होती, असं तिला कळलं तर? तरीही मी चावी परत मागणार नाही. ती जे शोधते आहे ते सापडलं तर माझ्यासाठीच असेल, आणि नाही सापडलं तर ती खोली घेऊन तरी मी काय करणार होतो?

तू तिच्या बाजूने होतीस, ते बरं केलंस. रागावलोय तरी म्हणतो. जावईबापू शनिवारी येतात ना, त्यांना दारातच ‘उशीर का झाला’ विचारू नकोस.

मामी तुला लिहील. मी काही निरोप देत नाही. तिने काय लिहिलं तेही मला सांगू नकोस, ते तुमचं दोघींचं. फक्त एक कळव, आठवण आली का. नसली आली तरी कळव, मी जेवण सोडणार नाही, पण लपवू नकोस. पेपर नंतर तपास. आधी दोन ओळी लिही आणि स्वतः जाऊन टाक, आत पडल्याचा आवाज येईपर्यंत पेटीजवळ थांब. लवकर लिही गं.

तुझा मामा